छायाचित्रातील वेष आणि चरित्राचा पुरावा

१

मराठी चरित्रग्रंथाच्या मुखपृष्ठामागे चरित्रविषय झालेल्या व्यक्तीचे छायाचित्र देण्याचा परिपाठ जुना आहे. वाचकाने ग्रंथात प्रवेश करण्यापूर्वी त्या व्यक्तीचे दर्शन घ्यावे, एवढाच त्यामागील हेतू असतो. परंतु दर्शनासाठी दिलेले हे चित्र पुढे नकळत पुराव्याचे स्थान घेते. पगडी व उपरणे दिसले की स्वधर्मनिष्ठा, कोट व पाटलोण दिसली की सुधारकी वृत्ती, असे निष्कर्ष चित्राखालच्या दोन ओळींत काढले जातात. पत्र, रोजनिशी किंवा सरकारी दप्तर यांचा उपयोग करताना जे अभ्यासक तारीख, लेखक, प्रयोजन यांची कसून चौकशी करतात, तेच छायाचित्रापाशी आले म्हणजे डोळ्यांवर भरवसा ठेवून मोकळे होतात.

वस्तुतः छायाचित्रासाठी बसणे ही एक कृती आहे. विशेषतः एकोणिसाव्या शतकात ती पूर्वतयारीची कृती होती. दिवस ठरवावा लागे, चित्रशाळेत जावे लागे, मान व हात स्थिर ठेवून बसावे लागे. आणि त्यापूर्वी अंगावर काय घालावयाचे याचा निर्णय करावा लागे. हा निर्णय कधी बसणाऱ्याचा असतो, कधी घरच्या वडीलधाऱ्यांचा, कधी छायाचित्रकाराचा, तर कधी ज्या संस्थेसाठी चित्र काढले जाते त्या संस्थेचा. गावोगावच्या चित्रशाळांतून गिऱ्हाइकासाठी कोट व टाय खुंटीला टांगून ठेवलेले असत, हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्या कोटातील मनुष्य रोज कोट घालीत होता असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. परंतु आपल्याकडे छायाचित्र असावे, आणि त्यात आपण कोटात असावे, अशी त्याची इच्छा होती, हा निष्कर्ष मात्र पक्का आहे. तात्पर्य, छायाचित्रातील वेष हा सवयीचा पुरावा क्वचितच असतो. तो बहुधा निर्णयाचा पुरावा असतो. प्रश्न एवढाच की, निर्णय कोणाचा?

हा प्रश्न एका सुप्रसिद्ध छायाचित्राला लावून पाहावा, असा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

२

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या १८५० साली स्थापन झालेल्या संस्थेत १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले हे छायाचित्र आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. डावीकडे आनंदीबाई जोशी साडीमध्ये, मध्यभागी जपानच्या केइ ओकामी किमोनोमध्ये, आणि उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबुली सिरियातील पारंपरिक वेष व अलंकार यांसह. प्रसंग अधिष्ठात्यांच्या स्वागतसमारंभाचा होता. त्या वेळी अधिष्ठातापदावर रेचेल बॉडली होत्या. १८७४ पासून त्या पदाची धुरा त्यांच्याकडे होती.

हे चित्र आज मराठी वाचकाला चांगले परिचयाचे झाले आहे. ग्रंथांत, नियतकालिकांत, प्रदर्शनांत ते वारंवार येते. आणि त्याखालील मजकूर बहुधा तिघींना आपापल्या देशातील पहिल्या स्त्री डॉक्टर असे संबोधतो. येथेच पहिली सावधगिरी बाळगली पाहिजे. चित्राच्या प्रसिद्ध प्रतीवर तिघींच्या नावांमागे ‘डॉ.’ ही उपाधी लिहिलेली आहे. परंतु त्या दिवशी तिघींपैकी एकीलाही पदवी मिळालेली नव्हती. आनंदीबाईंना ती ११ मार्च १८८६ रोजी, ओकामी यांना १८८९ साली व इस्लामबुली यांना १८९० साली मिळाली. म्हणजे चित्राखालील अक्षरे त्या दिवसाची वस्तुस्थिती सांगत नाहीत. पुढे संपादन केलेली योग्यता ती मागे नेऊन चिकटवितात. आनंदीबाईंच्या नावापुढे गाव दिले आहे ते श्रीरामपूरचे, तेही अशुद्ध लिहिलेले. कल्याणात वाढलेल्या या मराठी मुलीचा बंगालमधील श्रीरामपूरशी संबंध एवढाच की, अमेरिकेस निघण्यापूर्वी पतीच्या नोकरीमुळे तिचे वास्तव्य तेथे होते. ‘पहिली’ या विशेषणाचीही गत अशीच आहे. जपानमध्ये ओगिनो गिन्को यांनी १८८५ सालीच वैद्यकीचा परवाना मिळविला होता. आणि आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही वैद्यकीच्या अर्हतेस पोहोचल्या. चित्राखालचा मजकूर हा चित्राचा भाग नव्हे, तो चित्रावरील पहिला अभिप्राय होय, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ घोटाळे टळतात.

३

वेषाविषयी बोलण्यापूर्वी त्या काळच्या छायाचित्रणाच्या एका मर्यादेचा विचार अवश्य आहे. १८८५ च्या सुमारास सर्रास वापरात असलेल्या काचा मुख्यतः निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी १८७३ साली विशिष्ट रंगद्रव्यांच्या साहाय्याने काचेची ग्रहणशक्ती हिरव्यापर्यंत वाढविता येते असे दाखविले होते. परंतु सर्व रंगांना जागणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास. परिणाम असा की, त्या काळच्या चित्रात निळा रंग पांढुरका उतरतो, तर लाल, नारिंगी व गडद पिवळा हे रंग काळे पडतात. कुंकू काळ्या टिकल्यासारखे दिसते. लाल काठ व काळा काठ यांत भेद उरत नाही. आपल्याला शुभ्र वाटणारे वस्त्र आकाशी असू शकते.

छायाचित्रकारांना हे ठाऊक होते. त्यांच्या व्यवसायाच्या पुस्तकांतून बसणाऱ्याने कोणते रंग टाळावेत, कोणते कापड चांगले उतरते, याविषयी उपदेश केलेला आढळतो. झगझगीत पांढरे नको, कारण त्यात घड्या हरवतात. पोत असलेले, छायाप्रकाश धरणारे कापड बरे, असा त्या उपदेशाचा सर्वसाधारण रोख असे. अर्थात, छायाचित्रासाठी वेष निवडताना देश, धर्म व प्रतिष्ठा यांच्या जोडीला काचेचाही एक आग्रह होता. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अशा चित्रांवरून वस्त्राच्या रंगाविषयी विधान करणे धोक्याचे आहे. दुसरी, जुन्या चित्रांत संगणकाच्या साहाय्याने रंग भरून ती प्रसृत करण्याची जी प्रथा सांप्रत पडली आहे, तिच्यातील रंग हा कल्पनेचा विलास आहे; तो संशोधनात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही. कापड, काठ, नेसण्याची पद्धत, अलंकारांची ठेवण एवढेच चित्रातून विश्वासाने वाचता येते. सुदैवाने आपल्या प्रश्नाला तेवढे पुरेसे आहे.

४

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले. त्या वेळी त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, आणि आपल्या रीतिभाती, आहार व पोशाख यांत बदल करणार नाही, अशा आशयाची प्रतिज्ञा त्यांनी तेथे केली. ७ एप्रिल रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. या प्रतिज्ञेत पोशाखाचा उल्लेख असावा, हे सहजासहजी घडलेले नाही. परदेशगमन, शिक्षण आणि धर्मांतर या तीन गोष्टी त्या काळच्या समाजाच्या मनात एकमेकींत गुंतलेल्या होत्या. स्त्रीच्या अंगावरील वस्त्र बदलले की धर्म बदलला, असे मानणारा समाज मागे होता. आणि मिशनच्या छायेतील शिक्षणसंस्था पुढे होती. दोघांनाही एकाच वाक्यात उत्तर देण्याचे साधन म्हणजे पोशाख.

परंतु प्रतिज्ञा करणे वेगळे आणि फिलाडेल्फियाचा हिवाळा काढणे वेगळे. कासोटा घालून नेसलेल्या नऊवारी साडीत पायांचा काही भाग उघडा राहतो. कोकणपट्टीच्या हवेत यात गैरसोय नाही, बर्फात आहे. शिवाय अमेरिकन समाजाच्या दृष्टीने स्त्रीचे उघडे पाय हे असभ्यतेचे लक्षण होते. आनंदीबाईंनी यावर तोडगा काढला, तो गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा. पाय झाकले गेले, साडीही राहिली. पतीशी चाललेल्या पत्रव्यवहारातही वेषाचा हा विषय येऊन गेला आहे.

या तोडग्याचे महत्त्व आपल्या चरित्रकारांनी पुरेसे ओळखले आहे असे वाटत नाही. त्याकडे सोयीची बाब म्हणून पाहिले जाते. वास्तविक येथे एक सूक्ष्म विचार आहे. प्रतिज्ञा ‘पोशाख बदलणार नाही’ अशी होती. आनंदीबाईंनी तिचा अर्थ ‘ब्राह्मण स्त्रीची प्रांतिक नेसण’ असा न घेता ‘हिंदी स्त्रीची साडी’ असा घेतला. कल्याणच्या आळीत गुजराती नेसण परकी ठरली असती. फिलाडेल्फियात तीच ‘स्वदेशी’ ठरली. म्हणजे ज्याला चित्राखालील मजकूर पारंपरिक वेष म्हणतो, तो परंपरेने जसाच्या तसा हाती दिलेला नव्हता. थंडी, शालीनता, प्रतिज्ञा आणि अभ्यास या चौघांचा मेळ घालून वीस वर्षांच्या आतील एका मुलीने तो परदेशात सिद्ध केला होता. पाचवारी साडी सर्व देशाची म्हणून रूढ होण्यास अद्याप अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वेगळेपण अधिक जाणवते.

५

आता निर्णय कोणाचा, या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. संस्थेला या वेषांची आवड होती, यात शंका नाही. तीन देशांतील तीन विद्यार्थिनी तीन वेषांत एका चौकटीत बसविणे म्हणजे संस्थेच्या कार्याचा विस्तार एका दृष्टिक्षेपात दाखविणे होय. आणि या प्रकारच्या चित्राला एक पूर्वपरंपरा होती. मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील जातीजमातींच्या चित्रसंग्रहात व्यक्तींची चित्रे स्वतंत्रपणे घेऊन ती दुसऱ्याच पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. वॉटसन व के यांनी १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकाशनात बहुतेक चित्रांखाली व्यक्तीचे नाव नाही, जातीचे वा जमातीचे आहे. तेथे वेष हा माणसाचा नसून वर्गाचा आहे. माणूस वेषाचा आधार म्हणून उभा आहे. फिलाडेल्फियातील चित्राची मांडणी या परंपरेशी नाते सांगते, हे नाकारता येत नाही.

परंतु त्याच पेनसिल्व्हेनियात, त्याच वर्षी, वेषाचा याच्या नेमका उलट खेळ चालू होता. कार्लाइल येथे रिचर्ड प्रॅट यांनी १८७९ साली अमेरिकेतील आदिवासींच्या मुलांसाठी वसतिशाळा काढली होती. मुले आली की त्यांचे केस कापले जात, कपडे बदलले जात. आणि प्रवेशाच्या वेळचे व काही काळानंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून संस्थेचे यश दाखविले जाई. टॉम टोर्लिनो या नावाहो तरुणाची १८८२ व १८८५ या वर्षांची चित्रे या प्रकारचे सर्वपरिचित उदाहरण आहे. दुसऱ्या चित्रात कोट आहे, आखूड केस आहेत, आणि प्रकाशयोजनेमुळे कातडीसुद्धा उजळलेली आहे. पुढे १८८९ साली वूमन्स मेडिकल कॉलेजातून ओकामींच्याच बरोबरीने पदवी घेतलेल्या सुझन ला फ्लेश या ओमाहा जमातीच्या होत्या. त्यांची परिचित छायाचित्रे पाश्चात्त्य वेषातील आहेत.

एकाच राज्यात, एकाच काळात, साडीचे स्वागत व्हावे आणि नावाहो तरुणाचे वस्त्र उतरवावे, याचा अर्थ कसा लावावयाचा? उत्तर कठीण नाही. आनंदीबाई परत जाणार होत्या. त्यांचा वेष हा दूरदेशीच्या पाहुणीचा वेष होता. त्याने कोणाच्या जमिनीवर हक्क सांगितला जात नव्हता. टोर्लिनोचे वस्त्र मात्र त्या भूमीच्या मूळ मालकाचे होते, आणि म्हणूनच ते नाहीसे करणे इष्ट मानले गेले. वेष तोच राखू देणे ही उदारता असू शकते. पण ती कोणाला दाखविली जाते आणि कोणाला नाकारली जाते, यावरून तिची किंमत ठरते.

ओकामींच्या बाबतीत आणखी एक विपर्यास दिसतो. त्यांच्या मायदेशी वारे उलट्या दिशेने वाहत होते. मेइजी सम्राटांची उचिदा कुइचि यांनी काढलेली १८७२ ची छायाचित्रे परंपरागत दरबारी वेषात आहेत, तर १८७३ ची पाश्चात्त्य लष्करी गणवेषात. १८८७ साली सम्राज्ञींनी स्त्रियांच्या पाश्चात्त्य वेषाची शिफारस करणारे निवेदन काढले, आणि हा वेष जपानच्या प्राचीन दुहेरी पोशाखाच्या अधिक जवळचा आहे, असे समर्थनही त्यात दिले. तोक्योतील उच्चकुलीन स्त्रिया पाश्चात्त्य झगे शिवून घेत असताना तोक्योची एक विद्यार्थिनी फिलाडेल्फियात किमोनो घालून छायाचित्राला बसली. ‘राष्ट्रीय वेष’ ही कल्पना किती प्रवाही होती, आणि ती मायदेशापेक्षा परदेशातच कशी घट्ट होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

६

या छायाचित्राचे जे अर्थ आजवर लावले गेले, ते स्थूलमानाने दोन प्रकारचे आहेत. पहिला अभिमानाचा. त्यानुसार साडी ही स्वत्वाची खूण; परदेशातही आनंदीबाई ढळल्या नाहीत, हा तिचा अर्थ. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली लिहिलेल्या चरित्रापासून आनंदीबाईंविषयी आदराची जी परंपरा सुरू झाली, तिचे हे अलीकडचे व पुष्कळसे सोपे झालेले रूप आहे. या अर्थातील दोष असा की, तो साडी पाहतो, नेसण पाहत नाही. ‘ढळल्या नाहीत’ असे म्हणताना आनंदीबाईंनी केलेला बदल तो पुसून टाकतो, आणि त्याबरोबर त्या बदलामागची बुद्धीही.

दुसरा अर्थ संशयाचा. त्यानुसार हे चित्र म्हणजे प्रदर्शन. मिशनच्या मनोवृत्तीने तीन परकी बाहुल्या मांडल्या, एवढेच त्याचे तात्पर्य. मांडणीविषयी हा अर्थ बराच खरा आहे, हे वर आपण पाहिले. त्याचा दोष असा की, तो छायाचित्रकाराची चौकट पाहतो, चौकटीत बसणारीची पूर्वकथा पाहत नाही. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये कोणी साडी नेसावयास सांगितली असेल वा नसेल. आनंदीबाई ती त्यापूर्वी अडीच वर्षे, वर्गात व रस्त्यात, नेसतच होत्या. जी वस्तू रोज स्वेच्छेने धारण केली जाते, ती एका दिवशी दुसऱ्याच्या उपयोगी पडली, म्हणून तिच्यावरील पहिला हक्क नष्ट होत नाही.

दोन्ही अर्थ परस्परविरोधी दिसले, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोघेही आनंदीबाईंना निर्णय करणारी व्यक्ती मानीत नाहीत. एकाच्या मते परंपरेने त्यांना नेसविले, दुसऱ्याच्या मते संस्थेने. पतीची सक्ती, मिशनची कृपा, अधिष्ठात्यांचे वात्सल्य यांच्या छायेत या स्त्रीचे स्वतःचे मन झाकले गेले, ही तक्रार तिच्या चरित्रलेखनाविषयी केली जाते. मीरा कोसंबी यांनी १९९६ पासून तिच्या पत्रांच्या आधारे जे लेखन केले, त्याचा रोखही तोच होता. पत्रांच्या बाबतीत ही दुरुस्ती बरीच झाली आहे. छायाचित्राच्या बाबतीत ती व्हावयाची आहे.

याच दृष्टीने अमेरिकेतील दोन समकालीन उदाहरणे तुलनेस घेण्यासारखी आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ या १८६४ च्या सुमारास आपली छोटी छायाचित्रे विकून कार्यासाठी पैसा उभा करीत. त्यांत त्या पांढरी टोपी, शाल व विणकाम अशा सभ्य गृहिणीच्या वेषात बसलेल्या आहेत. फ्रेडरिक डग्लस यांनी तर स्वतःची शेकड्याने मोजावी इतकी छायाचित्रे काढवून घेतली. ती सर्वत्र नीटनेटक्या पोशाखातील व गंभीर मुद्रेची आहेत. ज्यांच्याविषयी इतरांनी हीन चित्रे रंगविली होती, त्यांनी वेष निवडून त्या चित्रांना उत्तर दिले. त्यांनी प्रतिष्ठित समाजाचा वेष उचलला, आनंदीबाईंनी स्वतःचा राखला. मार्ग भिन्न असले, तरी कॅमेऱ्यासमोर बसण्यापूर्वी केलेला विचार एकाच जातीचा आहे. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांचा सूट व महात्मा गांधींनी १९२१ साली मदुरा येथे स्वीकारलेला पंचा यांचाही विचार याच पद्धतीने करावा लागेल. तेथे एकाला परकी व दुसऱ्याला स्वदेशी म्हणून प्रकरण मिटविणे म्हणजे विचार टाळणे होय. शतकानुशतके ज्याच्या समाजाला चांगले वस्त्र नाकारले गेले त्याने ते घालणे, आणि ज्याला ते सहज मिळू शकत होते त्याने ते टाकणे, या दोन्ही कृतींना आपापला युक्तिवाद आहे.

७

या विवेचनातून संपादकांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. चरित्रग्रंथात छायाचित्र देताना त्याचा दिनांक व स्थळ द्यावे. ते कोणत्या प्रसंगी व कोणासाठी काढले हे सांगावे. मूळ प्रतीवरील अक्षरे केव्हाची आहेत याची चिकित्सा करावी. चित्र कापले असल्यास तसे नमूद करावे. या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व विशेष आहे. आनंदीबाईंचे चित्र पुष्कळदा शेजारच्या दोघींना वगळून छापले जाते. तसे केले की स्वागतसमारंभ नाहीसा होतो, संस्था नाहीशी होते, आणि साडी नेसलेली एक एकाकी मराठी मुलगी उरते. तिच्याविषयी आदर वाटतो. परंतु ती कोणत्या प्रश्नाला उत्तर देत होती, हे मात्र कळेनासे होते.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीचे काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही. ज्यांचे कार्य घडायचे राहून गेले, त्यांच्या बाबतीत त्यांनी केलेले लहान निर्णय अधिक काळजीने वाचावे लागतात. साडी कशी नेसावी हा असाच एक निर्णय होता. तो त्यांचा होता, एवढे तरी आपल्या ग्रंथांनी त्यांच्या नावावर नोंदविले पाहिजे.